एकवीस पुड्या

झुरळ दिसलं की जी मुलगी खुर्चीवर चढायची, तिनंच झुरळांवर संशोधन करायला घ्यावं, याला काय म्हणायचं? पण झालं खरं तसं. पहिल्या वर्षाला वसतिगृहाच्या जेवणात तिच्या ताटात अर्धं झुरळ निघालं होतं. अर्धं! उरलेलं अर्धं कुठे गेलं, या विचारानं तिला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. तेव्हाच तिनं दात-ओठ खात ठरवलं, यांचा नायनाट केल्याशिवाय राहायचं नाही.

तिसऱ्या वर्षाला कॉलेजनं पदवीच्या मुलांसाठी संशोधन निधी काढला. विषय आपला, काम आपलं, खर्च कॉलेजचा. कुणी नाटक लिहायला घेतलं, कुणी रस्त्यावरच्या आवाजांचा नकाशा. हिनं पुदिन्याच्या तेलाचं मिश्रण बनवलं आणि त्यानं झुरळं पळतात का ते तपासायला निघाली. मैत्रिणींनी लगेच 'झुरळाबाई' म्हणून बारसं केलं. शेवटी समितीपुढे सादरीकरण होतं. ते पटलं तर निधी आणखी एक वर्ष मिळणार होता आणि प्रयोगशाळेतलं एक टेबल तिच्या हक्काचं होणार होतं. त्या टेबलासाठी तिचा जीव तुटत होता.

जागा मिळाली ती आत्यामुळे. तिची सख्खी आत्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. डावीकडच्या भिंतीलगत मिश्रण फवारायचं आणि सहा चिकट पुठ्ठे ठेवायचे. उजवीकडे नुसतेच सहा पुठ्ठे. सकाळी चिकटलेली झुरळं मोजायची, पुठ्ठे पिशवीत भरायचे, नवे मांडायचे. असे एकवीस दिवस.

शी! काय ते दृश्य असायचं. उजवीकडे मिश्या हलतायत, पोटं वर, काही अजून जिवंत. ती नाकाला रुमाल लावून, डोळे बारीक करून मोजायची. डावीकडे मात्र पुठ्ठे स्वच्छ. एकही नाही. ती हुश्श करून तोंड फिरवायची. खरं तर तिथेच नीट बघायला हवं होतं, पण किळस माणसाला बघू देते कुठे?

एकवीस दिवसांनी उजवीकडे दोनशे त्रेचाळीस, डावीकडे शून्य. मार्गदर्शक सर खुर्चीतून उठलेच. "अगं, कमाल केलीस! याचा पेपर करू." एरवी ते तिला आठवड्याला पाच मिनिटं द्यायचे आणि त्यातली तीन फोनवर घालवायचे. त्याच संध्याकाळी त्यांनी फलकाचा मसुदा पाठवला. पहिलं नाव त्यांचं होतं.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी ती समितीला दाखवायला पुठ्ठ्यांचे फोटो काढायला बसली. डावीकडचा पुठ्ठा भिंगाखाली धरला आणि ती दचकली. चिकट भागावर पाय होते. बारीक, काटेरी, तपकिरी पाय. झुरळ एकही नाही आणि पाय डझनभर! दुसरा पुठ्ठा बघितला, तिसरा बघितला. सगळीकडे तेच.

ती तशीच आत्याकडे धावली. आत्या मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती.

"आत्या, डावीकडच्या पुठ्ठ्यांना कुणी हात लावत होतं का?"

"हात कशाला लावू? चिमट्यानं उचलायची मी," आत्या आरामात म्हणाली. "तू यायच्या आधी."

"तू?"

"मग काय! पहिल्याच दिवशी बघते तर काय, तुझ्या औषधाच्या बाजूलाच गर्दी. म्हटलं, पोरगी एवढी राबतेय, तिच्या औषधाला गुण यायला नको? किळस यायची गं, मळमळायचं. पण केलं."

हिला हसावं की रडावं कळेना. "आत्या, अगं तू माझं वाटोळं केलंस!"

आत्याची पळी थांबली. मग हात पुसून कपाटातून सुई-दोऱ्याचा पत्र्याचा डबा घेऊन आली. "टाकली नाहीत मी. तुला लागली तर, म्हणून ठेवलीत. तू रोजचं वेगळं लिहितेस ना, म्हणून पुड्यापण रोजच्या वेगळ्या बांधल्यात. वर तारीख आहे."

झाकण उघडलं आणि कुजकट, तेलकट वासाचा भपकारा आला. ती मोरीकडे पळाली आणि ओकली.

तोंड धुऊन ती थेट सरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. "हे बघ, समितीतलं कोण पाय मोजत बसणार आहे? पुठ्ठे टाकून दे. तुझ्या आत्यालाही गप्प राहायला सांग. आणि असलं काही माझ्या कानावर आलंच नाही, कळलं?" वर गोड हसले. त्यांच्या टेबलावर फलक छापून तयार होता, शून्य ठळक अक्षरांत. तिला दिवसभरात जेवढी शिसारी आली नव्हती तेवढी त्या हसण्यानं आली. झुरळाला निदान लपावंसं तरी वाटतं. याला तेही नाही.

ती परत आली. मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि पहिली पुडी सोडली. आत्या समोर येऊन बसली. चिमटा आत्याच्या हातात, वही हिच्या हातात. हिला मध्येच उमासे यायचे, आत्या पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची. ऊन उतरेपर्यंत एकवीस पुड्या संपल्या. तीनशे सोळा भरली.

"म्हणजे तुझ्या औषधानं..." आत्या चाचरली.

"पळत नाहीत. येतात. जेवायला बोलावल्यासारखी येतात."

"मग आता?"

"मग आता काय! तेच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे तिनं फलकावरच्या शून्यावर काट मारली आणि बाजूला तीनशे सोळा लिहिलं. काय झालं ते सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या माणसांना प्रयोग नीट समजावला नाही आणि किळस आली म्हणून स्वतः पुठ्ठे बघितले नाहीत, या दोन्ही चुका माझ्या, असंही सांगितलं. डबा टेबलावर ठेवला. समितीतल्या एका बाईंनी झाकण उचललं, नाक मुरडलं आणि पटकन लावून टाकलं.

निधी मिळाला नाही. टेबल नाटकवाल्या मुलाला गेलं, तो म्हणे त्यावर पडदे शिवणार होता. बाहेर व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. "या अहवालावरून माझं नाव काढ. आजच्या आज."

"काढलंय सर."

संध्याकाळी तिनं अहवालाची प्रत आत्यापुढे ठेवली. आत्यानं पिठाचे हात झटकले, चष्मा लावला, आणि पहिल्याच पानावर अडली. तिच्या नावाखाली आत्याचं पूर्ण नाव होतं.

"मी तर घोटाळा केला गं सगळा," आत्या म्हणाली. "झुरळं उचलली म्हणून कुणी नाव लावतं का?"

"उचललीस म्हणून नाही. टाकली नाहीस म्हणून."

आत्या पानाकडे बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तो डबा मात्र मला परत नको हं."