छर्रा टाकलेलं चाक

बायको ललिता गेली हे देवमनला कळलं तेव्हा तो अमरावतीत स्पेअर पार्टच्या दुकानात उभा होता. हातात क्लच प्लेट होती. अकोटहून मेहुणी मायाचा फोन आला. "भाऊजी, तुमी लवकर या," एवढंच ती बोलू शकली. मग फोन कोण्या अनोळखी माणसाने घेतला आणि सगळं सांगून टाकलं. ललिता बहिणीकडून परत यायला निघाली होती. रस्त्याच्या कडेला एसटीची वाट पाहत होती. कापसाने भरलेला पिकअप ब्रेक मारताच एका अंगाने ओढला गेला आणि तिच्यावर आला.

गाडी किशोर नावाचा ड्रायव्हर चालवत होता. पोलीस ठाण्यात तो म्हणाला, मागचं एक चाक धरतच नव्हतं. मालक खुशालराव म्हणाला, ब्रेक पक्के होते, पोरानं बेफाम हाकली. गाडी तपासली तर ब्रेक चांगले निघाले. किशोर आत गेला. देवमनने मालकाचं खरं धरलं. किशोर जामिनावर सुटला तेव्हा देवमन त्याच्या घरी गेला आणि बायकोच्या देखत त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. किशोरने हात उचलला नाही. "मारा भाऊ," तो म्हणाला, "पण चाक धरत नव्हतं."

त्याला अकरा महिने झाले. एका सकाळी तोच पिकअप देवमनच्या गॅरेजसमोर, अकोल्याच्या जुन्या शहरात येऊन थांबला. नंबर देवमनला पाठ होता. आतून साठीचा जाडजूड माणूस उतरला. मालक खुशालराव होता. त्याने देवमनला कधी पाहिलं नव्हतं. मयतीला तो आला नव्हता.

"मिस्तरी, पेडल नरम झालं. दोन-तीनदा मारलं की मंग लागते."

देवमनने फडक्याने हात पुसले. पुसतच राहिला. मग सीटवर बसून पेडल दाबलं. मळलेल्या कणकेत पाय जावा तसं ते खाली गेलं. बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलची डबी अर्धी रिकामी. मागचं डावं चाक आतून ओलं होतं. ड्रम काढला. लायनर तेलात भिजलेले, चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलेलं.

"सिलिंडर गेलं. लायनरही बदलावे लागतील. मंग ब्रेकच्या पाइपातली हवा काढावी लागंन."

"किती टाइम?"

"दुपार होईन."

"दुपार? जिनिंगवर कापसाचा नंबर लागून आहे माझा. तू असं कर, छर्रा टाकून दे तेवढा."

छर्रा म्हणजे बेअरिंगमधली बारीक गोळी. ती पाइपच्या जोडात बसवली की त्या चाकाला तेल जात नाही. गळती थांबते, पेडल कडक लागतं. ते चाक मात्र धरत नाही. कापसाच्या हंगामात गाडी उभी राहू नये म्हणून सगळेच टाकून मागतात. देवमननेही कितीकांना टाकून दिले होते.

"भरलेली गाडी एका अंगाले ओढन," देवमन म्हणाला.

"मले शिकवू नको. मागच्या साली टाकलाच होता. दोन महिने चालली."

"मंग काढला काहून?"

"लफडं झालं ना अकोटले. गाडी ठाण्यात न्यायच्या आधी माणूस पाठवला अन् काढून घेतला, नवं सिलिंडर बसवलं. दिमाग लागते मिस्तरी." तो हसला.

देवमन आत गेला. खोक्यातून एक छर्रा उचलला. मागतो आहे तेच द्यायचं. गाडी हाच चालवणार, रस्ता तोच. उद्या कोणी विचारलं तर सांगायचं, मालकानं टाकायला लावला. त्याने गोळी मुठीत घट्ट धरली. पण त्या रस्त्याच्या कडेला आजही बाया एसटीची वाट पाहत उभ्या असतील. त्याने गोळी खोक्यात टाकली आणि नवं सिलिंडर घेऊन बाहेर आला.

"छर्रे संपले," तो म्हणाला.

सिलिंडर आणि लायनर बसवून झाल्यावर त्याने सिलिंडरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, नळी लावली, नळीचं तोंड बाटलीतल्या तेलात सोडलं. "हवा काढाले एक जण पेडलवर लागते. बसा."

खुशालराव कुरकुरत बसला. देवमन गाडीखाली शिरला.

"मारा. अजून मारा. आता धरा, सोडू नका."

निपल सैल केलं. बाटलीत बुडबुडे आले. निपल आवळलं.

"मारा. अकोटले बाई गेली होती ना एक?"

"गेली. तिचं काय काम होतं तिथं उभं राहायचं?"

"धरा." देवमनने निपल पुन्हा सैल केलं. "एसटी पकडायची होती तिले. ललिता नाव होतं. माझी बायको होती ते."

वर पेडल सुटलं. नळीतलं तेल मागे ओढलं गेलं.

"पाय काहून उचलला? हवा आत गेली पुन्हा. आता पयल्यापासून."

मग दार उघडलं आणि बूट जमिनीवर उतरले.

"मिस्तरी, मले ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं? छर्रा होता हे?"

देवमन बाहेर आला, पण पाना हातातच ठेवला. "अकोटच्या ठाण्यात जा. छर्रा कोणी टाकाले लावला, कोणी काढाले लावला, सांगा. मंग या, अन् पेडलवर बसा."

"गाडी माझी आहे. हे गुंडगिरी झाली."

"मंग पोलीस बोलवा ना. त्यायच्यासमोरच सांगतो मी."

खुशालरावने पोलीस बोलावला नाही. एसटीने घरी गेला. संध्याकाळी देवमनने किशोरला फोन लावला. "चाक धरत नव्हतं," तो म्हणाला, "मले कळलं." मग किशोर म्हणाला, "त्यानं जबाब बदलला का?"

"नाही."

"मंग माझं काय बदललं भाऊ?" त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी देवमन स्वतः ठाण्यात जाऊन आला. तुझ्या एकट्याच्या सांगण्यानं काही होत नाही, मालकानं सांगावं लागेल, असं त्याला सांगितलं गेलं. खुशालरावचा कापूस अंगणात पडून आहे. तो रोज दोनदा फोन करतो, कधी शिव्या देतो, कधी हात जोडतो. देवमनला दोन्ही ऐकायला बरं वाटतं. तो एकच विचारतो, "गेलते का ठाण्यात?"

आज बारावा दिवस आहे. पिकअप जॅकवर उभा आहे. डाव्या चाकाच्या ब्रेकमधली हवा काढायची राहिली आहे आणि जबाब बदललेला नाही.