वळवलेलं पाणी

"मॅडम, हा रंग कपड्यावर उडाला तर निघतो का हो?" सुपरवायझरने मागे सरकत विचारलं.

"कपड्यावरचा निघतो. पाण्यातला नाही," असं म्हणत तिने बाटली पाणी जायच्या जाळीच्या तोंडावर उपडी केली. रिमझिम चालू होती. हिरवागार रंग साइटच्या चिखलपाण्यात मिसळला, गोल फिरला आणि खाली अंधारात दिसेनासा झाला.

महापालिकेच्या ऑफिसात तिच्या पाठीमागे सगळे तिला गाळबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती; पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवी इमारत उभी करायची तर पाया खणण्याआधी गाळबाईची परवानगी लागे. पावसाचं पाणी साइटवरून कुठं जाणार आणि वाटेत त्यातली माती कुठं अडणार, हे दाखवल्याशिवाय ती सही करत नसे. तिला पाहिलं की बिल्डर लोकांच्या कपाळाला आठ्या पडत.

या साइटच्या नकाशात पाणी थेट नाल्यात जात होतं. ती नाल्यापाशी जाऊन उभी राहिली. नाला वाहत होता, गढूळ, तपकिरी, आपल्याच तंद्रीत. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. सुपरवायझर चहा पिऊन परत आला, तरी नाही.

"जिरला असेल हो जमिनीत."

"हा रंग जिरत नाही. कुठंतरी निघतोच."

"मग खाली कुणीतरी पिऊन टाकला म्हणायचं," असं म्हणून तो हसला. तिला काही हसू आलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा होते.

"मोरीत हिरवं पाणी आलंय," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "तुझंच काम असणार. ये बघायला. आज बराच वेळ चाललंय तिचं."

बाबांचं घर साइटच्या खालच्या गल्लीत होतं. आई गेल्यापासून ते तिथं एकटेच राहत. गेल्या वर्षी साइटच्या जागेवरची जुनी गोदामं पाडली आणि जमीन उघडी पडली, तेव्हापासून त्यांचं एकच सुरू झालं होतं. पाऊस लागला की स्वयंपाकघराच्या फरशीखालून भांडी घासल्याचा आवाज येतो. तुझी आई घासते, असं ते सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे. दादाने, तिच्या थोरल्या भावाने, हे ऐकलं आणि निकाल लावून टाकला: त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, मी त्यांना माझ्याकडे नेतो. दादा राहायचा दूरच्या शहरात, उंच इमारतीत. बाबांना तिथं जायचं नव्हतं आणि तिलाही त्यांना पाठवायचं नव्हतं. पण वेळ मारून न्यायलासुद्धा काहीतरी कारण लागतं, आणि तिच्याजवळची कारणं संपत आली होती.

ती पोचली तेव्हा बाबा मोरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. जाळीतून हिरवं पाणी वर येत होतं आणि लगेच खाली ओढलं जात होतं. पुन्हा वर, पुन्हा खाली, खाली कुणी श्वास घेत असल्यासारखं.

"आता बोलू नकोस," बाबा म्हणाले.

ती वाकली. आधी नुसती खळखळ. मग पातेल्यात पातेलं सरकल्याचा आवाज आला. झाकण आपटलं. थोडं थांबून, अगदी स्पष्ट, ठक ठक.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेवटचं पातेलं पालथं घातलं की आई त्याच्या बुडावर बोटाने दोनदा वाजवायची. काम संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. बाबा, पाणी आहे ते!" तिचा आवाज उगाच चढला. "घराखालून जुनं गटार गेलं असणार. साइटचं पाणी त्यात शिरतंय आणि विटा आपटतायत. तुम्हाला काहीही झालेलं नाही!" आनंदाने तिला रडूच यायला लागलं.

"मला काही झालंय असं मी कुठं म्हणतोय?" बाबा म्हणाले. "पाणी आहे ते मलाही कळतं. पाऊस नसला की ती येत नाही."

तिने कोपऱ्यातली हलणारी फरशी उचकटली आणि आत मोबाइलचा उजेड धरला. खाली माती नव्हतीच. नुसती पोकळी, आणि तळाशी मातीची ढेकळं ओढत पळणारं हिरवं पाणी. पोकळी थेट बाबांच्या खुर्चीखालपर्यंत गेली होती. तिने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"घर बसेल, बाबा. पाणी वळवावं लागणार."

"नको वळवूस." त्यांनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. "एवढं माझं ऐक, पोरी."

तिने ऐकलं नाही. दुसऱ्या कुणाचं घर असतं तरी तिने हेच केलं असतं. बापाचं म्हणून डोळेझाक करणं तिला जमणारं नव्हतं.

तिने साइटचं काम थांबवलं. जुन्या गटाराचं तोंड बुजवा, गाळ बसायला मोठा खड्डा करा, निवळलेलं पाणी नव्या पाइपाने नाल्यात सोडा आणि घराखालची पोकळी भरून द्या. त्याशिवाय परवानगी नाही. बिल्डरने वरून फोन लावून पाहिले, सुपरवायझरने हात जोडले. ती बधली नाही. अखेर सगळं तिच्या मनासारखं झालं. तिने दादाला कळवलं, ते पाणी होतं, बाबा ठणठणीत आहेत आणि इथंच राहतील. दादा म्हणाला, "चुकलं माझं." त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते.

मग एका दुपारी जोराचा पाऊस आला. काम सोडून ती मुद्दाम बाबांकडे गेली. दार सताड उघडं होतं. मोरीपाशी रिकामी खुर्ची. जाळी कोरडी ठणठणीत. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत इतकं शांत होतं, की बाबांना हाक मारली तर ती स्वतःच दचकली.

ती धावतच साइटवर गेली. बाबा खड्ड्याच्या काठचं कुंपण धरून उभे होते. हातात छत्री होती, पण मिटलेली.

"कधीचा सांगतोय, शेडमध्ये चला म्हणून," सुपरवायझर हवालदिल झाला होता. "म्हणतात, छत्रीवर पाऊस वाजतो, ऐकू येत नाही."

खड्ड्यातलं पाणी संथ होतं. येणारी धार आवाज न करता त्यात उतरत होती. गाळ ढवळू नये म्हणून तिनेच तसं करून घेतलं होतं.

"सगळं पाणी इथंच येतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"थोडंसुद्धा दुसरीकडे जात नाही?"

"नाही, बाबा. मी पुन्हा रंग टाकून बघितलंय."

त्यांनी मान हलवली. "पाणी आलं. ती नाही आली."

तिला विटांचं, पोकळीचं, पुन्हा सगळं समजावून सांगायचं होतं. पण ते वाजणं दोनदाच का, आणि नेमकं शेवटीच का, हे तिचं तिलाच कधी सांगता आलं नव्हतं. ती तिथंच रडायला लागली.

"अगं, काम चोख केलंस," बाबांनी ओल्या हाताने तिचं डोकं थोपटलं. "दादाला फोन कर. म्हणावं, येतो मी. आता मला कुठंही चालेल."

गेटपाशी गाड्यांची चाकं धुवायला नळ होता. तिथं बाबा थांबले, खाली वाकले आणि पायातली चप्पल काढून धुवू लागले.

"चला ना बाबा, किती भिजताय."

"थांब जरा. साइटवरची माती रस्त्यावर न्यायची नाही, असा तुझाच नियम आहे ना?" ते म्हणाले, आणि टाचेखालचा चिखल बोटाने काढत राहिले.