लंडनला गेलेली टेप

"पुसलीत? लमारचा आवाज पुसून टाकलात, काका?"

डेट्रॉइटमधल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत व्हर्ना संतापून ओरडत होती. लमार तिचा धाकटा भाऊ. व्हिएतनामला लढायला गेला तो परतलाच नाही. आता आईने अंथरूण धरलं होतं आणि तिला एकच ध्यास लागला होता, पोराचा आवाज एकदा ऐकायचा. बहीणभावांनी मिळून उभ्या जन्मात एकच गाणं रेकॉर्ड केलं होतं, ते इथेच, म्हाताऱ्या पिटमनच्या चिमुकल्या कंपनीसाठी.

"अगं, कोरी टेप परवडायची का तेव्हा?" पिटमन मान खाली घालून म्हणाला. "गाणं पडून राहिलं की त्याच टेपवर दुसरं घ्यायचं. सगळेच करायचे. तू रेकॉर्ड तरी जपायचीस!"

"इथे रेकॉर्ड काढलीत कुठे तुम्ही? निघाली ती फक्त लंडनला!"

पिटमनने झटकन वर पाहिलं. लंडन! तिथल्या कंपनीला त्याने टेपची नक्कल विमानाने धाडली होती. धंद्याची रीतच तशी होती. गाणं इथल्यांचं, तिकडच्यांनी आपलं लेबल चिकटवून पाच वर्षं विकायचं आणि मुदत संपली की नक्कल नष्ट करायची. हे शेवटचं कलम तर पिटमननेच हट्टाने घालून घेतलं होतं.

"मुदत केव्हाच संपली गं," तो पुटपुटला. "आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय, समोरच्याने करार मोडलेला असू दे."

त्याने लंडनला विचारणा केली. करार मोडलाच होता. लंडनवाल्यांनी टेप कुठल्याशा फडताळात कोंबली होती आणि ते तिला साफ विसरून गेले होते. त्या आळशी माणसांना व्हर्नाने मनापासून दुवा दिला.

टेप आली त्या दुपारी पिटमन धापा टाकत मशीन घेऊन घरी हजर झाला. आईच्या उशाशी चाकं फिरू लागली. आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकली, कुणीतरी खोकलं आणि लमार हसत म्हणाला, "ताई, घाबरतेस काय! चुकलीस तर मी आहे ना."

व्हर्ना मशीनजवळ सरकली. रेकॉर्डवर हे कधीच आलं नसतं, छापण्याआधी कापलं असतं. त्या न कापलेल्या नकलेत तिचा भाऊ दोनदा समुद्र ओलांडून जसाच्या तसा घरी आला होता. केवढं हे नवल! ती हात जोडून मशीनकडे बघत राहिली.

वाद्यं सुरू झाली तशी आईने डोळे न उघडताच हात हलवला.

"गाणं नंतर," ती म्हणाली. "आधी त्याला बोलू दे."

पिटमनने टेप मागे घेतली.