छत्तीस अक्षरं, छत्तीस छटा

रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळाला की माणूस काहीही रंगवायला मोकळा. मी मुळाक्षरं रंगवली.

रुग्णालयाच्या लॉण्ड्रीत दुपारच्या सुट्टीत मी आठ बायकांना वाचायला शिकवत होते. प्रत्येक अक्षराला वेगळी छटा, ही माझी नवी पद्धत. तीन आठवड्यांत अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के! आलेख काढून मीच भिंतीवर लावला. दुसरं कोण लावणार? फिकट पिस्ता आणि गडद पिस्ता मला स्वतःला ओळखू येत नव्हते, त्यांना बरोबर येत होते. इथे शंका यायला हवी होती. मला अभिमान आला.

सगळ्यांत हुशार इस्त्रीवाली मावशी. अठरा वर्षं वाफेसमोर उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. धुलाईयंत्रावर बदली झाली तर बसायला स्टूल होतं. अट एकच, यंत्रावरच्या पाटीवरची सूचना वाचून दाखवायची.

मुकादमाने तिला पाटीसमोर उभं केलं. मावशीने पाटी पाहिली, मग मला.

"हे सगळं काळंच आहे गं."

"मग काय, इंद्रधनुष्य छापू?" मुकादम म्हणाला.

आता कुठे माझी ट्यूब पेटली. जन्मभर वॉर्डावॉर्डांचे कपडे रंगावरून निवडणाऱ्या या बायकांनी माझे रंग पाठ केले होते. अक्षर त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"मावशी, चूक माझी आहे."

"दिसतंय ते. तोंड पाडू नकोस. मुकादम, पंधरा दिवस द्या. पोरीचं शिक्षण अर्धवट राहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी काळ्या अक्षरांची कार्डं आणली आणि पहिल्यांदाच शिकवण्याऐवजी विचारलं, "पांढरे कपडे कशावरून निवडता?"

"बाहीवरून, खिशावरून, नाडीवरून," म्हणत मावशीने कार्डांचे ढीग घातले. 'त', 'न', 'म' उभ्या रेघेचे, म्हणून बाहीवाले. 'ट', 'ड', 'द' बिनबाहीचे. 'ग' आणि 'ण' यांची बाही उसवलेली. 'व'च्या पोटात टाका घातला की 'ब'. मी वहीत उतरवून घेत होते.

पंधराव्या दिवशी ती पुन्हा पाटीसमोर उभी राहिली. "झा-कण... बंद... अस-ल्या..." तिथे अडली. घाम पुसला. मुकादमाला दया आली. "पुरे मावशी, झालीस पास. बस स्टुलावर."

"थांबा," मावशी पाटीवरून नजर न काढता म्हणाली, "ओळ अर्धी आहे अजून."