आठ दिवस काही लावायचं न्हाई

सोमवारी सकाळी दैवशालानं पार्लरचं शटर अर्धं उचललं आणि तेवढ्यात मोबाइलवर पलकचा फोटो आला. पोरीचे दोन्ही गाल लालभडक, हनुवटी सुजलेली, आणि खाली एकच ओळ: ‘ताई, लई आग होऊन राह्यली, काय करू?’ पलकचं लग्न पुढच्या मंगळवारी होतं.

दैवशाला मूळची कुंभार पिंपळगावची. जालन्याच्या मस्तगड भागात अकरा वर्षांपूर्वी तिनं एका आरशावर पार्लर सुरू केलं. आजूबाजूच्या मारवाडी घरांतल्या निम्म्या नवऱ्या आपणच सजवल्या, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. फुशारकी होतीच बाईत थोडी. त्या फुशारकीपायीच तिनं यंदा आतली खोली आकांक्षा मॅडमना भाड्यानं दिली होती. मॅडम दर गुरुवारी संभाजीनगरहून यायच्या आणि पील करायच्या. पील म्हणजे औषध लावून चेहऱ्याची वरची पातळ कातडी उतरवायची, की खालून उजळ कातडी येते. भाडं काही फार नव्हतं. पण पाटीवर ‘गुरुवारी स्किन ट्रीटमेंट’ असं लिहिल्यापासून पार नव्या जालन्यातल्या बाया रिक्षा करून येऊ लागल्या होत्या आणि दैवशालाला ताईची मॅडम झाल्यासारखं वाटत होतं.

तिनं आकांक्षाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेवढ्यात तिनं मनातल्या मनात त्या बाईला फसवी, पळपुटी, काय काय ठरवून टाकलं. दोष द्यायला माणूस सापडला की जीव जरा खाली बसतो. चौथ्या वेळेला फोन उचलला गेला.

“मॅडम, तुमच्या औषधानं पोरीचं तोंड जळालं!”

“फोटो पाठवा,” आकांक्षा म्हणाली. मिनिटभरानं तिनं विचारलं, “कानाजवळ हे पिवळं काय आहे?”

दैवशालानं फोटो मोठा करून पाहिला. केसांच्या कडेला, कानाच्या पाळीवर पिवळा रंग होता.

“पीठी असंल,” ती हळूच म्हणाली. लग्नाआधी नवरीला रोज हळद-बेसनाची पीठी चोळतात, ती त्या घरी कालपासून सुरू झाली होती.

“पीठी? म्हणजे लग्न आहे तिचं? कधी?”

“पुढच्या मंगळवारी.”

आकांक्षा म्हणाली, “फॉर्म तुमच्याकडेच आहे ना? पंधरा दिवसांत काही कार्यक्रम आहे का, या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.”

फॉर्म दैवशालाच भरायची. बाया आरशासमोर बसून नाव-गाव सांगायच्या, ती लिहायची आणि त्या न वाचता सही करायच्या. ताईनं लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय? गेल्या गुरुवारी पलक धरून मॅडमकडे दोनच बाया आल्या होत्या. गिऱ्हाईक असंच कमी राहिलं तर दुसरं पार्लर बघावं लागेल, असं मॅडम आदल्या आठवड्यात बोलून गेल्या होत्या. मेकअपच्या वहीत पलकच्या लग्नाची तारीख दैवशालानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. तरी त्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘नाही’.

“दैवशालाताई, वाचताय ना?”

“न्हाई म्हणून लिहिलंय.”

“तिला आधी स्किनच्या डॉक्टरांकडे न्या. आत्ताच्या आत्ता. मी काय लावलं ते लिहून पाठवते,” असं म्हणून आकांक्षानं फोन ठेवला.

गुरुवारी निघताना पलकला दैवशालानं बजावलं होतं, “आठ दिवस चेहऱ्याला काही लावायचं न्हाई. क्रीम न्हाई, पावडर न्हाई.” पीठी नको, हेही दैवशालाच्या ओठांवर आलं होतं. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पीठी म्हटलं असतं तर मॅडमनी तारीख विचारली असती. घरी फोन करून सांगू, असं ठरवून ती गप्प बसली, आणि शनिवारी बायांची रांग लागली त्यात राहूनच गेलं. तिनं फॉर्म टॉवेलांच्या खाली सरकवला. फाडून टाकावा, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मागे ओढणीत तोंड लपवून पलक बसली होती. तिची दादी लाडबाई एकटीच पायऱ्या चढून वर आली. म्हातारीचे डोळे रडून सुजले होते आणि तळवे हळदीनं पिवळे झाले होते.

“बेटा, मीच केलं गं हे,” ती आल्या आल्या म्हणाली. “ताईनं काही लावू नको म्हटलं, असं पोरगी सांगू राह्यली होती. मी म्हटलं, ते क्रीम-पावडरचं असंल, पीठी तर शगुनाची. जोर लावून चोळली मी. आता मी तिच्या अंगाला हात न्हाई लावणार. लग्नाचं तेल चढवायला बी न्हाई, बिदाईला बी न्हाई. माझा हातच खराब.”

दैवशाला नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. म्हातारी दोष पदरात घेऊनच आली होती. घरात उद्यापर्यंत सगळे तेच म्हणणार होते. मंगळवारचा मेकअप, पाटी, अकरा वर्षांचं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. पण लाडबाई ते पिवळे तळवे पदराला पुसत होती, खसाखसा, आणि रंग काही जात नव्हता.

“दादी, तुमच्या हातानं न्हाई झालं,” दैवशाला म्हणाली. तिनं टॉवेलांखालून फॉर्म काढला. “लग्न जवळ असलं की हे करीत न्हाईत. मॅडमनी विचारलं होतं. मी खोटं लिहिलं. पीठीचं बी मला ठाऊक होतं, तरी सांगितलं न्हाई.”

लाडबाईला मराठी वाचता येत होतं. तिनं तो कागद दोनदा वाचला. दैवशालाला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार, गल्ली गोळा करणार. पण म्हातारीनं कागदाची घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

“चल,” ती म्हणाली. “डॉक्टर विचारंल, काय लावलं? आम्हाला काय माहीत? तू सांग. मंगळवारी मात्र येऊ नको.”

दैवशालानं शटर ओढलं आणि रिक्षात पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी बसली. पलकनं रिक्षात बसूनच सगळं ऐकलं होतं.

“ताई, मी तुम्हाला विचारलं होतं, लग्नाआधी चालंल का,” ती ओढणीतूनच म्हणाली. “तुम्ही हो म्हटलं, पील करताना माझा हात धरून बसल्ता. म्हणून मी भ्यायले न्हाई.”

दैवशालानं मागे वळून पाहिलं. पलकचा हात आज लाडबाईच्या पिवळ्या हातात होता, आणि म्हातारीनं तो घट्ट धरून ठेवला होता.