जीवाणूंचा उपास

मित्रांनो, मी काचेचा एक जुना चंबू आहे, बुडाशी रुंद आणि गळ्याशी निमुळता. प्रयोगशाळेत मला फ्लास्क म्हणत. कारखान्यातून मी माझ्या जुळ्या भावासोबत ठाण्याच्या एका कॉलेजात आलो. पहिली काही वर्षं मुलांनी आमच्यात रंगीत पाणी ढवळलं. फुटलो नाही, हेच नशीब.

१९९१ साली आम्ही नीलाच्या हाती लागलो. डोंबिवलीची ही मुलगी जीवाणूंवर संशोधन करत होती. जीवाणूंनाही जगायला लोह लागतं. ते कमी पडलं की तिचे जीवाणू हिरवट-पिवळा रस सोडत आणि त्या रसानं लोहाचा कण न् कण पकडून आणत. लोह भरपूर मिळालं की रस बंद. आयतं मिळाल्यावर कष्ट कोण करतो? हा रस कसा बनवायचा, ते जीवाणूच्या जनुकांत लिहिलेलं असतं. नीलानं काही जीवाणूंमधला एक जनुक बिघडवला होता. त्याच्यावाचून रस बनत नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं. म्हणून भावाच्या पोटात धडधाकट जीवाणू, माझ्या पोटात बिघडवलेले, आणि दोघांनाही लोहाचा कडक उपास. भावानं हिरवं व्हायचं, मी नाही.

पण दसऱ्यानंतर भाऊही हिरवा होईना. तिचे मार्गदर्शक त्र्यंबक सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर विषय बदल, नीला." एवढ्या वर्षांचं काम पाण्यात जाणार! पोरीचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

तिनं आम्हाला उजेडात धरलं. आतलं पाणी चांगलंच गढूळ झालं होतं, म्हणजे जीवाणू भरभरून वाढले होते. "अरे, हे उपाशी कुठे आहेत? मस्त जेवलेत! यांना लोखंड कोणी खाऊ घातलं?"

भांडी धुणाऱ्या मनुबाई चेंदणी कोळीवाड्याच्या. त्या मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "खंडेनवमीला पुजायचे नव्हते का, बाय? तारेच्या घासणीनं आतून-भायरून असे घासले, तोंड दिसंल त्यात!"

खरंच, आम्ही तेव्हा लखलखत होतो. तारेचे बारीक लोखंडी कण मात्र आत चिकटून राहिले होते.

नीला रागावली नाही. "मनुबाई, तुमच्या उपासाच्या पातेल्यात कुणी आधी सुकट शिजवली असेल तर?"

"अग बाय!" मनुबाईंनी कपाळाला हात लावला. "मग आधी नाय का सांगायचं, हे उपासाचे हायेत!"

"सांगायला हवं होतं," नीला हळूच म्हणाली.

ते कण विरघळावेत म्हणून तिनं आम्हाला आम्लात बुडवून ठेवलं. मग मनुबाईंनी शुद्ध पाण्यानं इतकं खळखळून धुतलं की मला गरगरायला लागलं. प्रयोग पुन्हा मांडला. भाऊ हिरवागार झाला. मला काहीच रंग आला नाही, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त कौतुक माझंच झालं. त्र्यंबक सर विषय बदलण्याचं पुन्हा बोलले नाहीत.

पुढे नीला शिकून गेली, मनुबाईही निवृत्त झाल्या. भाऊ एकदा हातातून निसटून फुटला. मी कपाटात धूळ खात बसलो आहे.

मित्रांनो, वस्तू जपा. पण प्रत्येक वस्तूचं जपणं वेगळं असतं. म्हणून कुणाच्या हातात घासणी द्याल, तेव्हा ती वस्तू कशासाठी आहे तेही सांगा. ते सांगितल्यावर मनुबाईंनी धुतलं, तितकं स्वच्छ मला पुन्हा कुणीच धुतलं नाही.