शर्यतीच्या आठवड्यातलं हेलिकॉप्टर

त्या बेटावर वर्षभर साधा डॉक्टर मिळायचा नाही, पण मोटारींच्या शर्यतीच्या आठवड्यात शाळेच्या मैदानात दोन-दोन डॉक्टर घेऊन हेलिकॉप्टर उभं असायचं. गावाला त्याचा कोण अभिमान!

शिंपीणबाईंचं घर नेमकं मोठ्या वळणावर. दरवर्षी भिंतीला जुन्या टायरांची रास त्यांचा नवराच रचायचा, “कुणाच्या पोराला लागायला नको,” म्हणत. यंदा ती दुसऱ्यांनी रचली, तीही वेडीवाकडी.

दुपारी एक गाडी घसरून टायरांवर आदळली. चालक आपल्या पायांनी बाहेर आला. मनगट तेवढं मुरगळलं होतं. बाई खिडकी लावेपर्यंत हेलिकॉप्टर त्याला घेऊन समुद्रापार निघालंसुद्धा.

संध्याकाळी शर्यत कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे शेजारचाच वाणी, त्या चालकाचा कोपरात फाटलेला पोशाख शिवायला घेऊन आला.

“उद्या परत येऊन शर्यतीत उतरायचंय त्याला, वहिनी. पाहिलंत ना? आपल्या गावात कुणाच्या केसालाही धक्का लागू देत नाही आपण!”

बाईंनी सुई ओवली. हिवाळ्यात नवऱ्याच्या छातीत कळ आली, तेव्हा बोट सकाळशिवाय निघणार नव्हती. वाट बघता बघता त्याने बंदरावरच मान टाकली. “आपल्या हातात काय असतं, वहिनी?” असं तेव्हा याच वाण्याने म्हटलं होतं.

“खरंय, भावजी,” बाई म्हणाल्या. “चुकलं आमच्याच माणसाचं. मरताना अंगात हा पोशाख घालायला हवा होता.”